हेडलाइटचा प्रकाश वाढवण्याआधी: फोकस, काच आणि वायरिंग

पौष महिन्यात निवृत्तिनाथांच्या यात्रेच्या आधीचे चार दिवस रात्री नाशिकहून त्र्यंबकेश्वराकडे गाडी घेऊन जाणाऱ्याला रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या दिंड्या भेटतात. थंडीमुळे अनेकांनी अंगावर गडद रंगाच्या शाली किंवा घोंगड्या घेतलेल्या असतात, त्यामुळे दुरून माणूस दिसतच नाही. आधी दिसतात ते धोतराचे पांढरे सोगे आणि हलणारी पावले. गाडीचा डिपर, म्हणजे खाली झुकवलेला प्रकाश, नीट लावलेला असेल तर ही पावले चाळीस-पन्नास मीटरवरून दिसतात आणि गाडी हळू करायला वेळ मिळतो. पण त्याच क्षणी समोरून एखादी गाडी दिवे वर करून आली, की डावी कड, दिंडी, रस्ता सगळे एकदम पुसले जाते. रात्रीच्या ड्रायव्हिंगमधला हा सर्वांत धोक्याचा क्षण आहे, आणि तो पुष्कळदा दिवे कमी पडल्यामुळे येत नाही, तर समोरच्या गाडीचे दिवे चुकीच्या उंचीवर लागल्यामुळे येतो.

‘गाडीचा लाइट कमी पडतो’ अशी तक्रार आपल्याकडे सतत ऐकू येते आणि तिच्यावर उपाय म्हणून जास्त वॅटचा बल्ब किंवा बाजारातला एलईडी बल्ब बसवून घेतला जातो. गेली काही वर्षे घरच्या आणि नात्यातल्या गाड्यांचे दिवे मी स्वतः तपासत आणि लावत आलो आहे. त्यावरून माझे मत असे झाले आहे की या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा बल्बमध्ये नसते. फोकस, म्हणजे दिव्याची दिशा, खाली-वर झालेला असतो, काच पिवळी पडलेली असते किंवा बल्बपर्यंत पुरेसे व्होल्टेज पोहोचत नसते. हे दोष तसेच ठेवून मोठा बल्ब बसवला, तर आपल्याला जादा प्रकाश थोडाच मिळतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत मात्र पुष्कळ जातो.

आधी डिपर म्हणजे नेमके काय ते पाहू. अप्परचा प्रकाश सरळ पुढे, लांबवर जातो. डिपरचा प्रकाश मुद्दाम खाली झुकवलेला असतो. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने वाहन चालवतो, म्हणून आपल्या गाड्यांच्या डिपरचा प्रकाश दोन्ही बाजूंना सारखा नसतो. भिंतीसमोर गाडी उभी केली तर दिसते की उजवीकडे प्रकाश एका आडव्या रेषेवर तुटतो आणि डावीकडे त्याच रेषेपासून तिरका वर चढतो. उजवीकडे समोरून येणाऱ्याचे डोळे असतात, म्हणून तिथे प्रकाश दाबलेला असतो. डावीकडे पायी चालणारे, सायकलवाले, बिनदिव्याची उभी ट्रॉली असते, म्हणून तिथे तो उचललेला असतो. जुन्या पद्धतीच्या एच-४ हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात: ६० वॅटची अप्परची आणि ५५ वॅटची डिपरची. डिपरच्या तारेखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरच्या (बल्बमागच्या चंदेरी आरशाच्या) वरच्या भागावरच प्रकाश पडतो आणि तो रस्त्याकडे खाली परततो. या वाटीची एक कड पंधरा अंशांनी कापलेली असते आणि त्या कापामुळे डावीकडची चढण तयार होते. बल्ब काढल्यावर ही वाटी एकदा डोळ्यांजवळ धरून पाहावी. नखाएवढ्या त्या पत्र्यावर समोरच्या माणसाची दृष्टी अवलंबून असते, हे पाहिल्यावर बल्ब कसातरी कोंबून बसवण्याची इच्छा होत नाही.

आता थोडे गणित. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच जातात आणि कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी तेवीस-चोवीस मीटर लागतात, म्हणजे एकूण पन्नासच्या आसपास. ताशी ८० ला हेच अंतर सुमारे ७५ मीटर होते. साध्या डिपरमध्ये गडद कपड्यांतला माणूस ओळखू येण्याचे अंतर पन्नास-साठ मीटरच्या पुढे क्वचितच जाते, म्हणून डिपरवर ताशी ८० ने जाणारा माणूस त्याला दिसते त्याच्या पलीकडे धावत असतो. मोठा बल्ब बसवून हे अंतर फारसे वाढत नाही, कारण अंतर दुप्पट झाले की तोच प्रकाश एक चतुर्थांश उरतो. उलट गाडीच्या अगदी पुढची जमीन जास्त उजळली तर डोळ्यांची बाहुली आकसते आणि लांबचे आणखी कमी दिसते. पुढे लख्ख उजेड आहे म्हणून आपल्याला चांगले दिसते आहे, असे वाटणे हा फसवा अनुभव आहे आणि त्याला मीही बरीच वर्षे भुललो होतो.

समोरच्याचे काय होते तेही आकड्यांत पाहावे. समजा दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटर उंच आहे आणि डिपर एक टक्का खाली झुकलेला आहे, म्हणजे दर दहा मीटरला दहा सेंटिमीटर. साठ मीटरवर प्रकाशाची वरची कड जमिनीपासून जेमतेम ५ सेंटिमीटरवर असते. हाच दिवा फक्त एका अंशाने वर सरकला, तर साठ मीटरवर ती कड १०५ सेंटिमीटरने उचलली जाते आणि ११० सेंटिमीटरवर पोहोचते. छोट्या कारमध्ये बसलेल्या ड्रायव्हरचे डोळे साधारण त्याच उंचीवर असतात. फोकसच्या स्क्रूचे थोडेसे फिरणे म्हणजे समोरच्याचा डोळा आणि त्याच्यापुढचा रस्ता यांतला फरक आहे. दिपलेले डोळे सावरायला दोन-तीन सेकंद सहज लागतात, वय वाढलेल्या किंवा मोतीबिंदूची सुरुवात असलेल्या माणसाला त्याहून जास्त. आणि ताशी ६० ने तीन सेकंदांत ५० मीटर निघून जातात.

फोकस तपासायला गॅरेजच हवे असे नाही. सपाट जमीन आणि तिच्यापुढे एक सरळ भिंत मिळाली की पुरते. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमधली मागची भिंत मी यासाठी वापरतो. आधी चारही टायरची हवा बरोबर करून घ्यावी, डिकीतले जादा सामान काढावे, टाकीत इंधन निम्मे तरी असावे आणि ड्रायव्हरच्या जागी कोणालातरी बसवावे. डॅशबोर्डवर लाइटची उंची बदलणारी चकती असेल तर ती ० वर ठेवावी. मग गाडी भिंतीला अगदी चिकटवून उभी करावी आणि प्रत्येक दिव्याच्या मध्यबिंदूसमोर खडूने भिंतीवर एक फुली मारावी. बहुतेक दिव्यांच्या काचेवर हा मध्य एका छोट्या ठिपक्याने किंवा खुणेने दाखवलेला असतो. दोन्ही फुल्या जोडणारी आडवी रेघ ओढावी आणि तिच्या खाली १० सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. आता गाडी सरळ मागे घेऊन टेपने मोजून १० मीटरवर थांबवावी. जागा कमी असेल तर ५ मीटर चालेल, फक्त खालची रेघ मग ५ सेंटिमीटरवर ओढावी. काही गाड्यांच्या दिव्यावर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर डिपरच्या चिन्हाशेजारी १.० किंवा १.२ टक्के असा आकडा छापलेला असतो. तो दिसला तर त्याच आकड्याने रेघ ओढावी, कारण गाडी बनवणाऱ्याने तो त्या दिव्याच्या उंचीसाठी ठरवलेला असतो.

अंधार पडल्यावर इंजिन चालू ठेवून डिपर लावावा आणि एका दिव्यापुढे पुठ्ठा धरून दुसरा तपासावा. कापड टाकून ठेवू नये; हॅलोजनच्या उष्णतेने प्लास्टिकची काच खराब होऊ शकते. उजवीकडची सपाट कड खालच्या रेघेवर यायला हवी आणि जिथून डावीकडची चढण सुरू होते तो कोपरा दिव्याच्या फुलीच्या बरोबर खाली यायला हवा. दिव्याच्या मागच्या बाजूला दोन स्क्रू असतात, एक वर-खाली करणारा आणि दुसरा डावीकडे-उजवीकडे करणारा. ते पाव-पाव फेरा फिरवून प्रत्येक वेळी भिंतीकडे पाहावे. हे स्क्रू नायलॉनच्या दात्यांत बसलेले असतात आणि जोर लावला की दाते सोलतात, मग अख्खा दिवा बदलण्याची वेळ येते. स्क्रू सहज फिरत नसेल तर तिथेच थांबून माहितगार वायरमनकडे जावे. अप्पर आणि डिपर एकाच रिफ्लेक्टरमध्ये असतील तर फोकस डिपरवरच लावावा. अप्पर आपोआप जागेवर येतो. अप्पर पाहून फोकस लावलेल्या गाड्यांचा डिपर बरेचदा चढलेला आढळतो, आणि अनेक गॅरेजमध्ये फोकस असाच, अप्पर लावून समोरच्या झाडाकडे बघत ठरवला जातो.

डॅशबोर्डवरची ती ० ते ३ आकड्यांची चकती कशासाठी असते हे बहुतेकांना माहीत नसते, म्हणून तिच्याविषयी थोडे अधिक लिहितो. दोन चाकांमधले अंतर २४० सेंटिमीटर असलेल्या छोट्या गाडीत मागे तिघे बसले आणि डिकीत पिंपळगावहून घेतलेल्या द्राक्षांच्या चार पेट्या ठेवल्या, तर गाडीचा मागचा भाग चार सेंटिमीटर सहज दबतो. चार भागिले २४० म्हणजे जवळजवळ १.७ टक्के. दिवा तर एकच टक्का खाली झुकलेला होता! आता तो खाली पाहण्याऐवजी वर पाहू लागला आणि आपण डिपरवरच असूनही समोरच्याला अप्पर वाटतो. तो रागावून दिवे मारतो आणि आपल्याला कारण कळत नाही. म्हणून चकती अशी ठेवावी: पुढे दोघेच असतील तर ०, गाडी माणसांनी भरली तर १ किंवा २, मागे जड सामानही असेल तर ३. नेमके आकडे गाडीच्या माहितीपुस्तकात दिलेले असतात. महागड्या एलईडी दिव्यांच्या काही गाड्यांत ही उंची आपोआप बदलते आणि तिथे चकती नसते. लग्नाला किंवा देवदर्शनाला निघताना ही चकती फिरवायला दोन सेकंद लागतात.

बल्बविषयी माझ्या हातून झालेली चूक इथे सांगणे योग्य होईल. काही वर्षांपूर्वी मी माझ्या जुन्या गाडीत ६०/५५ च्या जागी १००/९० वॅटचे बल्ब बसवून घेतले. दुकानदाराने रिलेची (दिव्याचा मोठा प्रवाह डॅशबोर्डच्या स्विचऐवजी स्वतःतून नेणाऱ्या विजेच्या स्विचची) वायरिंग लागेल असे सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. दोन महिन्यांनी घोटीजवळ डावा दिवा लुकलुकू लागला. बॉनेट उघडले तर जळक्या प्लास्टिकचा वास आला आणि होल्डरचा एक कोपरा वितळून बल्बच्या पिनेला चिकटलेला दिसला. मूळ वायर ५५-६० वॅटच्या हिशेबाने दिलेली असते. १०० वॅटला तिच्यातून जवळजवळ पावणेदोनपट प्रवाह जातो, वायर तापते, स्विचचे पॉइंट जळतात आणि रिफ्लेक्टरचा चंदेरी थरही काळवंडतो. त्या रात्री एका दिव्यावर नाशिकपर्यंत आलो.

गंमत पुढेच कळली. नवा होल्डर बसवताना मी पहिल्यांदाच व्होल्टेज मोजणारा मल्टीमीटर लावून पाहिला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.१ व्होल्ट होते आणि दिवा चालू असताना होल्डरवर १२.३. वाटेत १.८ व्होल्ट गळत होते, काही गंजलेल्या अर्थिंगमध्ये (वायर गाडीच्या पत्र्याला जोडलेली असते त्या जोडात) आणि काही झिजलेल्या स्विचमध्ये. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या मानाने फार वेगाने पडतो: व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले तर प्रकाश जवळजवळ तीस टक्क्यांनी घटतो. या हिशेबाने माझ्या गाडीचा एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश बल्बपर्यंत पोहोचतच नव्हता. अर्थिंगचा बोल्ट सोडवून खालचा पत्रा पॉलिश पेपरने घासला, बॅटरीपासून फ्यूज आणि रिलेमार्गे जाड वायर घेतली आणि साधेच ६०/५५ चे बल्ब परत लावले. आधीच्या १०० वॅटपेक्षा हे मला जास्त चांगले दिसले. जुन्या गाडीचा प्रकाश वाढवायचा असेल, तर माझ्या मते यासारखा स्वस्त आणि सुरक्षित उपाय दुसरा नाही.

बल्ब बदलताना इंजिन आणि दिवे बंद करून बल्ब थंड होऊ द्यावा. हॅलोजनच्या काचेला बोट लावू नये. बोटाचे तेल काचेवर राहिले की तो भाग जास्त तापतो आणि बल्ब लवकर जातो. चुकून हात लागलाच तर स्पिरिटने पुसून घ्यावे. बल्बच्या तीन पाकळ्या खाचेत पूर्ण बसल्या आहेत आणि तारेची क्लिप घट्ट लागली आहे हे पाहावे, नाहीतर भिंतीवरची कडच नाहीशी होते. दोन्ही बाजूंचे बल्ब एकदमच बदलावेत. झेनॉन दिवे असतील तर घरी हात घालू नये, कारण ते पेटताना वीस हजार व्होल्टच्या वरचा दाब तयार होतो.

हॅलोजनच्या दिव्यात एलईडी बल्ब बसवण्याबद्दल मला आग्रहाने सांगावेसे वाटते की तो बसवू नये. रिफ्लेक्टरची प्रत्येक घडी हॅलोजनच्या बारीक तारेची जागा धरून बनवलेली असते. एलईडीच्या चिप एका पट्टीच्या दोन अंगांना असतात, त्यांची जागा आणि आकार दोन्ही वेगळे असतात, आणि तिथला मिलिमीटरचा फरकही प्रकाश भलतीकडे फेकतो. त्यातून कड विस्कटते, गाडीपुढची जमीन पांढरी फटक होते आणि उरलेला प्रकाश वर जातो. शिवाय एलईडी बल्ब थंड ठेवणारा मागचा पंखा मावावा म्हणून रबरी टोपण काढून टाकले जाते आणि दिव्यात धूळ व पाणी शिरते. कंपनीनेच एलईडीसाठी बनवलेल्या दिव्याची गोष्ट वेगळी आहे. त्यात लेन्स आणि चिप एकमेकांसाठी बनलेल्या असतात.

काचेकडे फारच दुर्लक्ष होते. आजच्या दिव्यांची ‘काच’ खरे तर पॉलिकार्बोनेट प्लास्टिक असते आणि तिच्यावर उन्हापासून जपणारा एक पातळ थर असतो. गाडी वर्षानुवर्षे उघड्यावर उन्हात उभी राहिली की तो थर झिजतो, प्लास्टिक पिवळट आणि खरखरीत होते, प्रकाश कमी बाहेर पडतो आणि जो पडतो तो विखुरतो. टूथपेस्टने घासल्यास काही आठवडे बरे दिसते, कारण खराब थर थोडा निघतो पण नवा लागत नाही. पक्के काम करायचे तर भोवतीच्या रंगावर चिकटपट्टी लावून, पाण्याने ओला ठेवलेला १००० नंबरचा, मग २००० चा आणि ३००० चा पॉलिश पेपर फिरवावा, कंपाउंडने (पॉलिशच्या लेपाने) चमक आणावी आणि शेवटी उन्हापासून जपणारा लेप नक्की द्यावा. हा लेप विसरला तर काच पूर्वीपेक्षा लवकर पिवळी पडते. रोजच्या देखभालीत कोरड्या फडक्याने धूळ पुसणे टाळावे. धुळीतली वाळू ओरखडे पाडते. आधी पाणी, मग मऊ कापड. आतला रिफ्लेक्टर मात्र कधीही पुसू नये. पावसाळ्यात दिव्याच्या आत धुके धरले आणि दिवे अर्धा तास चालल्यावर ते गेले, तर काळजी नको. तळाशी पाणी साचत असेल तर सील गेले आहे.

इगतपुरी आणि कसारा घाटात पावसाळी धुक्यात अप्पर लावणे ही सार्वत्रिक चूक आहे. धुक्याचे थेंब प्रकाश परत आपल्याकडेच फेकतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर ठेवावा, असतील तर खालचे फॉग लॅम्प लावावेत आणि डाव्या कडेची पांढरी पट्टी धरून हळू जावे. फॉग लॅम्प उपयोगी पडतात ते मुख्यतः खाली बसवलेले आणि पसरट प्रकाशाचे असल्यामुळे. पिवळ्या रंगाचे महत्त्व लोक समजतात त्याहून कमी आहे.

कायद्याची भूमिकाही स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०५ वा नियम दिवे केव्हा आणि कसे असावेत ते सांगतो आणि १०६ वा नियम समोरच्याचे डोळे दिपणार नाहीत इतका प्रकाश खाली झुकलेला असावा असे बजावतो. कंपनीने दिलेल्या रचनेत मनमानी बदल करण्याला मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ मनाई करते.

अप्परचा उपयोग मोकळ्या, अंधाऱ्या रस्त्यावर जरूर करावा. तिथे तो न लावणे हीही चूकच आहे. समोर दिवे दिसले की, किंवा पुढे एखादी गाडी आपल्याच दिशेने जात असली तरी, डिपरवर यावे, कारण पुढच्याच्या आरशातून तोच प्रकाश त्याच्या डोळ्यांत जातो. शहरातल्या उड्डाणपुलावर खांबांचे दिवे असतात, तिथे अप्परची गरजच नाही. समोरचा डिपर देत नसेल तर एकदा हलकेच दिवा मारून खूण करावी. तरीही त्याने ऐकले नाही, तर रागाने आपणही अप्पर लावला की रस्त्यावर एकाऐवजी दोन आंधळे ड्रायव्हर होतात. अशा वेळी नजर डाव्या पट्टीवर न्यावी आणि वेग उतरवावा. लासलगाव-निफाडच्या बाजूला कांद्याच्या ट्रॉल्या मागच्या दिव्याशिवाय उभ्या असतात, म्हणून तिथे हा वेग अगदी कमी हवा.

माझ्या सोसायटीच्या भिंतीवर खडूच्या रेघा पावसाने पुसल्या जात, म्हणून गेल्या वर्षी मी परवानगी घेऊन त्या ऑइलपेंटने ओढल्या आणि दहा मीटरवर जमिनीवरही एक पट्टी रंगवली. फुल्यांची उंची प्रत्येक गाडीची वेगळी, म्हणून शेजाऱ्यांना मी टेप बरोबर ठेवायला सांगतो. नवरात्रात वणीच्या गडाकडे पायी जाणाऱ्यांची रीघ लागायच्या आधी एका संध्याकाळी आम्ही पाच-सहा गाड्या तिथे ओळीने लावून पाहतो. मागच्या खेपेला त्यांतल्या तीन गाड्यांचा डिपर रेघेच्या वर निघाला आणि तिन्ही गाड्यांचे काम एका स्क्रू-ड्रायव्हरने अर्ध्या तासात झाले.